खालच्या रांगेच्या झडपा

४ ऑक्टोबर

पोहोचलो एकदाचे! प्लास्टिकचे ठोकळे जोडायला पगार देणारे लोक शुद्धीवर असतात का, हे ताईने वाटेत पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. दुकानांच्या काचेत मांडायला किल्ले, आगगाड्या, जिराफ असं काय काय मी गेली कित्येक वर्षं ठोकळ्यांतून उभं करतो आहे, पण ताईच्या लेखी मी अजून खेळतोच आहे. आई गेली तेव्हा मला धड बोलताही येत नव्हतं. या बहिणीने मला वाढवलं, स्वतःचं काहीएक केलं नाही. तिला तेवढा हक्क आहे. हवापालट होईल म्हणून तिला बरोबर ओढून आणलं.

घर ऐसपैस आहे. खाली आम्ही, वर घरमालकीण बाई, आणि ताईच्या खोलीला लागून काचेची लांब खोली. तिथे जहाज! जुन्या काळचं शिडाचं लढाऊ जहाज, माझ्याहून लांब, सगळं ठोकळ्यांचं. बाईंच्या यजमानांनी बांधायला घेतलं आणि अर्ध्यावर टाकून ते वारले. खरं जहाज पहिल्याच फेरीला, धक्क्यावर जमलेल्या गावासमोर बुडालं होतं. तोफा दाखवायच्या हौसेपायी त्यांच्या खिडक्यांच्या खालच्या रांगेच्या झडपा उघड्या ठेवल्या होत्या, जहाज कललं आणि पाणी आत शिरलं. ही गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

डोलकाठ्या, शिडं आणि दोर एवढं माझं काम. रविवारी ते नगरभवनात मांडायचं आहे. खालचं झालेलं आहे, तिकडे बघू नका, असं बाई सहज म्हणाल्या.

६ ऑक्टोबर

मधली डोलकाठी उभी राहिली. बाईंचे यजमान कसबी माणूस होते, यात शंका नाही. जिथे कुणाची नजर जन्मात पोहोचणार नाही, तिथेही त्यांनी खलाशांच्या बाकाखाली चिमुकल्या पेट्या ठेवल्या आहेत. अशा माणसाला मनातल्या मनात नमस्कार करत होतो, आणि तेवढ्यात गोंद दिसला.

गोंद! आमच्या धंद्यात गोंद लावणं म्हणजे शेण खाणं. ठोकळा ठोकळ्याला धरतो, त्यातच सगळी गंमत. वरच्या रांगेच्या तोफा झोकात बाहेर आलेल्या, आणि खालच्या रांगेच्या झडपा झाडून सगळ्या बंद, वर गोंदाचे नुसते थर. लहान मुलाने रागाने फासावा तसा. मला राहवेना. पातळ पात्याने एकेक झडप सोडवत गेलो. दुपारच्या चहापर्यंत सगळ्या उघडल्या, तोफा बाहेर काढल्या. शेवटची झडप मात्र पात्याखाली तुटली. तिचे तुकडे केरात गेले, नवी मागवली आहे.

ताई बघायला आली. म्हणाली, आता कसं जहाज जागं झालं. मी फुगलो.

७ ऑक्टोबर

जहाज कललं आहे. फार नाही, पण माझ्या डोळ्यांना कळतं. टेबल सरळ आहे, पाणसळ लावून पाहिली. तळाशी पाण्याचं थारोळं होतं. छत कोरडं, काचा कोरड्या. बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

ताईला खोकला झाला आहे. हवापालट मानवला म्हणायचा, अशी तिनेच थट्टा केली. मला हसू आलं नाही.

८ ऑक्टोबर

सकाळपासून ताईला धाप लागली आहे. डॉक्टर येऊन गेले. छातीत पाणी आहे, इतकं एका दिवसात कसं झालं ते कळत नाही, म्हणाले. दवाखाना लांब, गाडी उद्या येईल. तिचा रुमाल धुवायला घेतला तर हाताला वाळू लागली. बारीक, ओली.

जहाज आणखी कललं आहे.

बाईंना यजमानांबद्दल विचारलं. त्यांनी लपवलं काहीच नाही, आजवर कुणी विचारलंच नव्हतं. यजमानांनी खालच्या तोफा बाहेर काढल्या, आणि दुसऱ्याच दिवशी बाईंनाही असाच खोकला झाला होता, घरघर लागली होती. तेव्हा जन्मात घरात गोंद न आणलेल्या यजमानांनी धावत जाऊन गोंद आणला आणि ते काचेच्या खोलीत बसले. दुपारी बाईंचा श्वास मोकळा झाला. आनंदाने सांगायला गेल्या, तर यजमान जहाजापाशी खुर्चीत. कपडे कोरडे. तोंडातून पाणी वाहत होतं. बाई म्हणाल्या, दुःखात माणसं काहीही वेड्यासारखं करतात, तसा तो गोंद. त्यांना अजून उमगलेलं नाही.

मला उमगलं.

९ ऑक्टोबर, सकाळ

करून पाहिलं. एक झडप अंगठ्याने दाबून धरली. भिंतीपलीकडे ताईचा श्वास जरा सुटा झाला. सोडली — पुन्हा घरघर. पुन्हा दाबली. पुन्हा तेच.

मीच उघडल्या. माझ्या कसबाच्या माजाने.

गाडी निघाली आहे म्हणतात. ताईचे ओठ निळे पडलेत. गाडीची वाट बघणं —

गोंद आणला.

दुपार

तोफा आत ढकलतो आहे, झडपा लावतो आहे. एकेका झडपेसरशी तिकडे तिचा श्वास लांबतो, आणि इकडे माझा आखूड होतो. छातीत गार काहीतरी चढतं आहे.

भीती वाटते. खूप. पळून जावंसं वाटलं, लिहून ठेवतो. दारापर्यंत गेलोही होतो. पलीकडून ताईने मला लहानपणीच्या नावाने हाक मारली. जेवलास का, म्हणून विचारलं. तिची ही अवस्था, आणि जेवलास का!

परत आलो.

खोकताना पाणी येतं. खारट. वहीवर सांडलं —

सगळ्या लागल्या. तुटलेली तेवढी राहिली. त्या भोकातून पाणी नुसतं — ठोकळे बसत नाहीत, बाहेर फेकले जातात. शिडाचा कागद कोंबला, लगदा झाला. बोट घातलं तर आतून कुणीतरी —

बाई, ताईला सांगा, मी जेवलो.

भोकात बसेल असं जवळ काही नाही. जाडीला बरोबर असं हे पेन तेवढं