थंडीतच गळणारं तेल

अण्णा,

तुम्ही बर्फ पाहिलात तो सरबताच्या गाडीवरचा, गोणपाटात गुंडाळलेला. मीही तेवढाच पाहिला होता, आणि तरी काही वर्षं माझं घर बर्फाच्या जिवावर चाललं. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. सिंगापूरला आंग मो किओमधल्या एका कारखान्यात मी सुपरवायझर होतो. थंड देशांतले लोक दारासमोर साचलेला बर्फ ज्या मशीनने बाजूला उडवतात, त्या स्नो ब्लोअरची इंजिनं आम्ही जोडायचो. बसमधून उतरून गेटपर्यंत जाताना शर्ट पाठीला चिकटायचा, आणि आत शिरलं की आम्ही सगळे मिळून कुणा परक्याच्या हिवाळ्याची तयारी करायचो. तुम्ही ऐकलं असतंत तर ‘नसत्या उठाठेवी’ म्हणून पुढच्या ताटात भात वाढायला गेला असतात. पण तुम्हाला जाऊन तेव्हाच बरीच वर्षं झाली होती.

तिकडून तक्रारी यायला लागल्या की इंजिनातून तेल गळतंय. इंजिनाचा फिरता दांडा जिथे बाहेर येतो तिथे रबराची एक कडी बसवलेली असते, तिला ऑइल सील म्हणतात. तेल आत राखायचं, एवढंच तिचं काम. तक्रार आलेल्या मशीनमध्ये ही कडी जागेवरून बाहेर सरकलेली असायची. एक मशीन आम्ही परत मागवलं. मी ते लखलखीत पुसलं, नवं सील घातलं, वर टाल्कम पावडर मारली, म्हणजे तेल कुठून पाझरतं ते पावडर ओली होऊन कळतं, आणि दिवसभर चालवलं. पावडर कोरडी ठणठणीत. तसंच परत पाठवलं, तर तिकडे पुन्हा गळलं. मग मॅनेजरने दोष द्यायला माणूस शोधला. सील दाबून बसवायचं काम एका चिनी बाईकडे होतं. साठी गाठलेली, नवरा नाही, मूलबाळ नाही. तिला सगळे आंटीच म्हणायचे. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणलेली कोपी, म्हणजे तिथली कॉफी, ती प्रेसच्या खिळ्याला टांगून ठेवायची आणि मी दिसलो की रोज विचारायची, “यू ईट ऑलरेडी?” शुक्रवारी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाला, “आंटी ओल्ड ऑलरेडी, लाह. हँड नॉट स्टेडी. मंडे यू टेल हर.” त्या वयात तिला दुसरीकडे कुणी उभं केलं नसतं. मी ‘ओके’ म्हणालो. तिथे सगळेच ओके म्हणतात.

रविवारी सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये मी पेपर वाचत बसलो होतो. बायको आतून म्हणाली, “अरे, कुकर बघ ना. शिट्टीच होत नाहीये, सगळी वाफ कडेने चाललीये. रिंग गेली वाटतं.” मी म्हटलं, “रिंग नवीन आहे.” उठलो, गॅस बंद केला, आणि तिथेच ओट्याला टेकून उभा राहिलो. कारण हे सगळं मी आधी पाहिलेलं होतं, आपल्या खाणावळीत.

मी डिप्लोमाला आहे. सकाळची पंगत बसलीये, आणि डाळीच्या मोठ्या कुकरची रिंग फुसफुसतेय. पिवळं पाणी शेगडीवर ओघळतंय. पोळ्या लाटून वर कुकर लावणाऱ्या काकू तुमच्याकडे माझ्या लहानपणापासून आहेत. तुम्ही सगळ्या जेवणाऱ्यांसमोर त्यांना म्हणता, “झाकण लावता येत नसेल तर घरी बसा.” काकू पोळपाटावरची पोळी पुरी लाटतात, तव्यावर टाकतात, भाजून काढतात, हात धुतात आणि जातात. दुसऱ्या दिवशी झाकण तुम्ही स्वतः लावता, नव्या रिंगेसकट, आणि ती तशीच फुसफुसते. तुम्ही कुकर निववता, झाकण उजेडाकडे धरता, शिट्टीखालच्या नळीला डोळा लावून बघता. मग खराट्याची एक काडी तोडून आत घालता. तुरीच्या सालांचं घट्ट बूच बाहेर पडतं. “शिट्टी तुंबली की वाफ रिंगेतून वाट काढते,” तुम्ही मला सांगता. “रिंगेचा काही दोष नसतो.” मी विचारतो, “मग काकूंना बोलावू?” तुम्ही डाळ नव्याने चढवत म्हणता, “आता काय बोलवायचं!” काकू पुढे कुठे गेल्या ते मला कळलं नाही. तुम्हाला कळलं असेल तर तुम्ही सांगितलं नाहीत. मला तुमचा राग आला होता, अण्णा. पुष्कळ वर्षं टिकला.

इंजिनालाही शिट्टी असते. पिस्टन खालीवर होताना आत दाब साठतो, तो बाहेर सोडायला एक बारीक नळी असते, ब्रीदर म्हणतात. सोमवारी मी आंटीकडे न जाता मॅनेजरकडे गेलो आणि एक दिवस मागून घेतला. आमच्याकडे एक थंड खोली होती, इंजिनाचा धूर बाहेर नेणारी, फ्रीजरपेक्षा गार. पण तिथे आम्ही मशीन सुरू होतं का एवढंच बघायचो. सुरू झालं की बंद करून कुडकुडत बाहेर पळायचो. सगळेच उष्ण मुलखातले. त्या गारठ्यात मशीन चालत ठेवावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. या वेळी मी दोन जॅकेटं चढवली, सीलभोवती पावडर मारली, मशीन चालू ठेवलं आणि समोर बसून राहिलो. नाक बधिर झालं. ब्रीदरमधून निघणारी ओलसर वाफ नळीच्या तोंडाशी गोठायला लागली, आधी पांढरी किनार, मग अख्खं बूच. थोड्या वेळाने सीलपाशी पावडर काळी पडली. मॅनेजरला काचेतून हात करून बोलावलं. तो आत आला, वाकला, आणि थंडी विसरून बघत राहिला. आम्ही नळीचं तोंड इंजिनाच्या गरम बाजूला वळवलं, नवं सील आंटीच्याच हातून बसवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तेच मशीन त्याच खोलीत संध्याकाळपर्यंत चालवलं. पावडर कोरडी राहिली. आंटीचं नाव मॅनेजरने पुन्हा काढलं नाही, आणि तिला कशातलं काहीच माहीत नव्हतं. मी जवळून गेलो तेव्हा तिने नेहमीचं विचारलं आणि मी नेहमीचं ‘येस, आंटी’ म्हणालो.

तुम्ही हयात असतात तरी हे पत्र मी टाकलं नसतं. आपल्यात अशी बोलायची पद्धत नव्हती, आणि तुम्ही ‘काय हे लांबण लावलंय’ म्हणून घडी घालून ठेवलं असतंत. तरी एक सांगून टाकतो. खोलीतून बाहेर आल्यावर मॅनेजरने हात चोळत विचारलं होतं, “हाऊ यू नो, आह?” मी म्हणालो, “माय फादर टॉट मी.” त्याने मान डोलावली. “गुड फादर,” म्हणाला. मी हो म्हणालो, आणि काकूंचं त्याला काही सांगितलं नाही.