पॅथॉलॉजी कुणासाठी

११ नोव्हेंबर, अमरावती
एमबीबीएसनंतरच्या पीजी प्रवेशाची रँक बरी आली. गायनॅक मिळेल, पॅथॉलॉजीही मिळेल. मी पॅथॉलॉजीच भरणार. इंटर्नशिपमध्ये लेबर रूमला सलग तीस तास उभी होते, तेव्हा एका बाईच्या नवऱ्यावर खेकसले. तो बिचारा बायको कशी आहे एवढंच विचारत होता. हे काम मला वाईट माणूस बनवतंय, हे त्या दिवशी कळलं. मायक्रोस्कोपखाली स्लाइड बघताना मात्र डोकं शांत असतं. पाचला सुटायचं, पोहायला जायचं. यात लाज कसली?
आई म्हणाली, "तुले झेपन थेच घे माय."

१३ नोव्हेंबर
आईबरोबर अकोल्याला शुभमच्या घरी गेले होते. साखरपुडा झालाय, आता लग्नाची तारीख काढायला. शुभम ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या पीजीच्या, पहिल्या वर्षाला आहे. त्याच्या आईला, मनकर्णाबाईंना, माझी ब्रांच कळली आणि त्यांनी खुशीत मला दुसऱ्यांदा शिरा वाढला. "बरं केलं पोरी. पाचले घरी येशीन. शुभमले गरम पोळी भेटन, मले बी आराम होईन."
त्याचे वडील म्हणाले, "बाईच्या जातीले सोयीची लाइन हाय." सगळे हसले. माझी आईसुद्धा. शुभम मोबाइल बघत होता.
शिरा तसाच ठेवला.

१४ नोव्हेंबर
चीड जात नाही. ऑर्थो घेऊन घर कसं सांभाळशील, असं शुभमला कुणी विचारलं? कुणीच नाही!
रागाच्या भरात वाटलं, गायनॅकच भरून टाकावं. म्हणजे यांची जिरवायला तीन वर्षं मी मरायचं? वा.

१६ नोव्हेंबर
शुभमला फोन केला. त्या दिवशी गप्प का बसलास, विचारलं.
"आई चूक थोडीच बोलली."
म्हटलं, संध्याकाळी मी पोहायला जाणार. स्वयंपाकाला बाई ठेवू. तो हसला. "अपेक्षा, तू इंटर्नशिपपासून पॅथॉलॉजी म्हणत होती, म्हणून तं मी बिनधास्त ऑर्थो घेतलं. दोघातल्या एकाले घरी राहाच लागते ना."
हे ठरलं कधी? कुणी ठरवलं?
"त्यात ठरवाचं काय हाय?"
मी फोन ठेवून दिला.

१७ नोव्हेंबर
आई म्हणते, "सगळ्याईच्या घरी असंच असते. इतका राग बरा नाही." मी पोहायला निघून गेले.

२० नोव्हेंबर
प्रवेशाचे चॉइस भरले. सगळीकडे पॅथॉलॉजी. मग अकोल्याची बस धरली आणि साखरपुड्याची अंगठी मनकर्णाबाईंच्या हातात ठेवली. त्या गोंधळल्या. "पण पॅथॉलॉजीच घेतलं ना तू? मंग काहून?"
म्हटलं, "ते मी माझ्यासाठी घेतलं."