सहाशे बारा ड्रॉइंग्ज आणि एक सर्च

५ फेब्रुवारी २००७, सोमवार
हिंमतराव साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं, जर्मन कस्टमरला आपल्या पंपांची सहाशे बारा ड्रॉइंग्ज पीडीएफमध्ये हवीत. पार्ट नंबर टाइप केला की तो सापडला पाहिजे. वीस तारखेला ते हडपसरला येणार. जमलं तर ड्रॉइंग सेक्शनचा हेड मी. बावीस वर्षं याचीच वाट बघतोय. मी म्हणालो, दोन दिवसांचं काम. एक्सपोर्ट करायचं, संपलं.

६ फेब्रुवारी
सगळी एक्सपोर्ट केली. देखणी दिसतात. सर्च केलं, तर म्हणे सापडलं नाही. नंबर डोळ्यांसमोर ठळक दिसतोय! कॉम्प्युटर जुना आहे.

७ फेब्रुवारी
नवा कॉम्प्युटर मागून घेतला. तोही आंधळा.

९ फेब्रुवारी
आमच्या सेक्शनमधली नीरजा (नोकरी दोन वर्षांची, बोलणं वीस वर्षांचं) म्हणाली, कॅड सॉफ्टवेअरच्या या फॉन्टची अक्षरं पीडीएफमध्ये नुसत्या रेघा होऊन जातात, विंडोजचा फॉन्ट लावून परत एक्सपोर्ट करा. मी लक्ष दिलं नाही. संध्याकाळी हीच कल्पना मला स्वतंत्रपणे सुचली.

१२ फेब्रुवारी
फॉन्ट बदलून परत एक्सपोर्ट. तरी पार्ट नंबर सापडेना. नीरजानं मूळ फाइल उघडली. अक्षरावर क्लिक केलं की एकेक रेघच सिलेक्ट होते. तिनं विचारलं, सर, हे टेक्स्ट फोडलं कुणी? सांगितलं, मी. व्हेंडर लोक परस्पर मापं बदलतात आणि नंतर कानांवर हात ठेवतात. म्हणून १९९८ पासून फाइल बंद करण्याआधी मी सगळी अक्षरं फोडून त्यांच्या रेघा करतो. नऊ वर्षांत एकाही माईच्या लालाला आकडा बदलता आलेला नाही. तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. आदर वाटला असावा.

१३ फेब्रुवारी
चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर आणलं. आठाला बी म्हणतं. उभी लिहिलेली मापं त्याच्या गावीही नाहीत. विजयमालाला घरी सगळं सांगितलं. ती म्हणाली, अहो, ड्रॉइंग्ज व्हेंडरपासून नाही, तुमच्यापासून सांभाळायला हवी होती. बायकोला टेक्निकल गोष्टी सांगू नयेत.

१५ फेब्रुवारी
निश्चय. सगळं हातानं टाइप करणार. रोज शंभर ड्रॉइंग्ज. आज झाली चार. फॉन्ट निवडण्यात वेळ गेला.

१७ फेब्रुवारी
एकूण एकोणीस. मान धरली आहे. नीरजानं मदत करू का विचारलं. नको म्हणालो. हेडनं मदत घ्यायची नसते. घरी येताना वारज्याच्या पुलाखाली स्कूटर उभी केली आणि रडलो. हेड होणं लांबच, आता नोकरी टिकली तरी पुष्कळ. धूळही फार आहे तिथं.

२० फेब्रुवारी
पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका बाईंनी पंधरा पार्ट नंबर टाकून पाहिले. एकही सापडला नाही. माझ्या एकोणीसमधला एकही त्यांना सुचू नये! शेवटी त्यांनी खालच्या चौकटीतला 'ड्रॉन बाय'समोरचा शब्द टाइप केला. माझं आडनाव. ते सापडलं. सहाशे बाराच्या सहाशे बारा ड्रॉइंग्जवर. तेवढं फोडायचं दर वेळी माझ्या जिवावर यायचं.

सर्च चालतो, हे तरी सिद्ध झालं.

पाहुण्यांनी महिन्याची मुदत दिली. साहेब म्हणाले, आजपासून सेक्शनची हेड नीरजा. मी तिच्या शेजारी बसून एकेक माप वाचून दाखवायचं, ती टाइप करणार. तिनं विचारलं, सर, उद्या नऊला जमेल ना? जमेल म्हणालो.