ह्यांची दाढ आणि खुब्यातला गोळा

९ जानेवारी १९७८

हलतेय! खालची दाढ. सकाळपासून ह्यांनी घर डोक्यावर घेतलंय. मिलमध्ये मागांच्या खडखडाटात तीस वर्षं काढली, पण दाढेची कुरकुर सोसवत नाही. भाकरी आमटीत भिजवून दिली, तरी "आई गं!" गड्ड्याची जत्रा तोंडावर आली आणि ह्यांचं तोंडच बंद!

१० जानेवारी

भवानी पेठेतल्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी चिमटा उचलला, ह्यांनी हात वर केला.

"थांबा! माझ्या खुब्यात लोखंडी गोळा हाय."

डॉक्टर हसले. "आबासाहेब, मी दाढ काढतोय. पाय नाही."

मीही हसले. खोटं कशाला लिहू?

हे मात्र अडून बसले. दोन वर्षांमागं मुंबईत खुबा बदलला, तेव्हा तिथल्या सर्जननी बजावलं होतं — दात काढायचा तर आधी मला विचारा, औषध लागेल. "पत्र टाकतो. उत्तर येईस्तोवर तोंड उघडत न्हाय!"

उघडत नाही म्हणे! घरी येईपर्यंत बोलतच होते.

१४ जानेवारी

सारं गाव गड्ड्यावर. हे दारात, पोस्टमनची वाट बघत.

१९ जानेवारी

उत्तर आलं. दात काढताना तोंडातले जंतू रक्तात जातात. क्वचित खुब्यातल्या गोळ्यापाशी घर करतात. पू झाला तर गोळाच काढावा लागतो. किती जणांना असं होतं ते नक्की ठाऊक नाही, पण मी आधी कॅप्सूल देतो — असं लिहिलंय.

ह्यांनी तीनदा मोठ्यानं वाचलं. "ऐकलंस का वच्छला? हसत हुतीस की!"

म्हटलं, "दाढेपासून खुब्यापर्यंतची वाट जंतूंना बरी ठाऊक!"

२१ जानेवारी

निघाली एकदाची! तासभर आधी कॅप्सूल घेतली. घड्याळ हातात धरून बसले — तास म्हणजे तास! डॉक्टरांनी मुंबईचं पत्र दोनदा वाचलं. आज हसले नाहीत. मुकाट्यानं दाढ काढली.

२२ जानेवारी

उरलेल्या कॅप्सूल गजर लावून घेतायत. गजर ऐकू येतो तो मलाच. दाढ कागदात गुंडाळून ठेवलीय.

"टाका की ती."

"ऱ्हाऊ दे. लई सोसलंय तिनं."

तिनं! आणि मी?

५ फेब्रुवारी

सकाळी डॉक्टर स्वतः घरी आले. चहाला हात लावला नाही.

"गेल्या उन्हाळ्यात वळसंगच्या सोनाबाईचा दात काढला. काठी टेकत आली होती, पण मी काही विचारलं नाही. परवा तिच्या भावाला गाठून विचारलं. तिच्याही खुब्यात गोळा होता. पुढच्या महिन्यात पू झाला, गोळा काढावा लागला. बाई अजून अंथरुणावर आहे. दातामुळंच झालं, असं कोण सांगणार? पण घरचे तिलाच बोल लावतात — हिनं पथ्य पाळलं नाही."

"तिला हे सांगितलंसा?" ह्यांनी विचारलं.

"नाही. धीर झाला नाही," डॉक्टर म्हणाले.

ह्यांनी चपला घातल्या. "चला. वळसंगची साडेदहाची यष्टी मिळंल."