मरियामातेच्या वाटेवर बँकेचं कुंपण

किल्लुकोचा, ९ सप्टेंबर २०१२

चि. सौ. रोसौरास,
मेल्चोरदादाचा आशीर्वाद. घरी सगळे धडधाकट आहेत, माझंच डोकं ठिकाणावर नाही.

यंदा मरियामातेच्या सणाचा यजमान मी, सगळा खर्च माझ्या अंगावर. तुझ्या बँकेचे साहेब आले, पितळी बाजा आमच्याकडून म्हणाले, फक्त चर्चच्या दारावर आमचं नाव लावा. मी भुललो. यजमानानंच खातं हलवलं म्हणून साऱ्या गावानं पतसंस्थेतली खाती तुमच्याकडे नेली.

काल मिरवणूक नेहमीसारखी वरच्या तळ्याकडे निघाली. वाटेत तारेचं कुंपण! पलीकडे सोन्याची खाण खणतायत, आणि पैसे पुरवणारी म्हणून पाटीवर तुझीच बँक. पहारेकरी म्हणाला, मूर्ती परत न्या. माता आमच्या खांद्यावर, आणि मागे बँकेचा बाजा जोरात वाजतोय! म्हातारी पेत्रोना सगळ्यांदेखत म्हणाली, मेल्चोर, आमच्याच पैशानं आमचं प्यायचं पाणी नासवलंस की रे.

तुला हे ठाऊक होतं का, तेवढं लिही.
मेल्चोर

क्वेन्का, १६ सप्टेंबर

ती. मेल्चोरदादांस,
शि. सा. न. वि. वि. नव्हतं ठाऊक. आम्ही खिडकीवर पैसे घेतो आणि हसतो. पुढे ते कुठे जातात हे कुणी सांगत नाही, मीही विचारलं नाही. पण बाजा काय मी पाठवला? दरवर्षी गावची पोरं बासरी-ढोल वाजवतात, यंदा तुलाच पितळी थाट हवा झाला!

गावची खाती आली म्हणून मला कायम केलं. ती गेली की मी घरी. मग तुझ्या भाच्यांनी काय खायचं? आणि तुमची पतसंस्था चांगली कशावरून?

रागावलास तरी लोभ असू दे.
रोसौरा

किल्लुकोचा, २४ सप्टेंबर

चि. रोसौरास,
आशीर्वाद. तुझा प्रश्न आम्ही पतसंस्थेलाच विचारला. काल रविवारच्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर तिची माणसं चर्चच्या अंगणात उभी केली. म्हटलं, आमचे पैसे कुणाला देता, सगळ्यांसमोर बोला. एलिआसचा हातमाग, पेत्रोनाच्या सुनेची गाय. नावं घेतली ती माणसं समोरच होती. तोमासच्या ट्रकवरून पेत्रोना भडकली, त्या धुराड्याला पैसे कशाला म्हणून. दुपारपर्यंत भांडलो. पण भांडता तरी आलं! तुझ्या साहेबांना फोन केला, तर म्हणे, ते गोपनीय असतं.

येत्या सोमवारी आम्ही खाती बंद करायला येतोय. गावाला तिथं मी नेलं, परत मीच आणणार. तुझ्या खिडकीशी येणार नाही. तुझं नाव यात नको. मातेपुढे तुझ्यासाठी रोज मेणबत्ती लावतो, पण मागे फिरणार नाही.
मेल्चोर

क्वेन्का, २७ सप्टेंबर

ती. दादांस,
सा. न. तुम्ही येणार हे साहेबांना कळलंय. मला वगळून दुसऱ्या खिडक्यांवर त्यांनी सांगून ठेवलंय, गाववाले आले की काहीतरी खुसपट काढून परत पाठवा. हे ऐकल्यापासून माझंही टाळकं सणकलंय.

सगळे माझ्याच खिडकीवर या. एकेकाचं खातं मी माझ्या हातानं बंद करते. साहेबांना ओरडायचं तर ओरडू देत. तुमचं आटोपलं की खिडकी लावीन आणि बाहेर येऊन शेजारच्या रांगेत उभी राहीन. माझंही खातं याच बँकेत आहे, तेही बंद करायचंय. मला परत पाठवून दाखवा म्हणावं.

येताना पोरांसाठी भाजलेला मका आणा. माया आहे तशीच ठेव.
तुझी रोसौरा