घामाचा बंदोबस्त

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. हेतू शास्त्रीय.

मी मुळात शांत माणूस. मला ओळखणारे सगळे हे कबूल करतील, नीट विचारलं तर. पण माझी प्रकृती उष्ण. अंग तापलं की घाम फुटतो, घाम फुटला की डोकं फिरतं, आणि डोकं फिरलं की हाताला लागेल ते हवेत जातं. यात माझा दोष कुठे आला?

गेल्या महिन्यात ऑफिसात (पाणीपुरवठा, तक्रार खिडकी, अकरा वर्षं सेवा) एका ग्राहकाच्या दिशेने पंचिंग मशीन गेलं. माझ्या डोक्यावरचा पंखा आठवडाभर बंद होता, हे साहेबांनी रिपोर्टमध्ये लिहिलंच नाही. नुसतं लिहिलं, 'फेकून मारले'. भुवईला तीन टाके. त्याच्या. मला दोन महिने सक्तीची रजा आणि ऑफिसच्या डॉक्टरांचा सल्ला: रोज व्यायाम करा, राग घामावाटे जाऊ द्या. डॉक्टरांना अक्कल नाही. घाम हेच तर मूळ.

घरी शांतता. ही आणि लेक, दोघी हिच्या धाकट्या बहिणीकडे आहेत. हवापालट. बाथरूमच्या दाराचं कामही निघालंच होतं.

संकल्प: व्यायाम करायचा, पण घाम येऊ न देता.

५ मार्च, बुधवार. सकाळी ८
जिम सुरू. साडूने नाव घातलं. साडू म्हणजे हिच्या बहिणीचा नवरा. कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर. दिवसभर चार डिग्रीत काम करतो, म्हणून स्वभाव गोड. त्यात त्याचं कर्तृत्व शून्य.

माझ्या वाट्याला रोइंग मशीन. खाली सरकती सीट, पाय पट्ट्यात अडकवायचे, साखळीला बांधलेला दांडा छातीपर्यंत ओढायचा. बिनपाण्याची होडी. ट्रेनरबाई माझ्या खांद्याइतकी उंच, आवाज मात्र भोंग्यासारखा. म्हणाली, आधी पाय, मग पाठ, मग हात. मी म्हटलं, कळतं मला. तिसऱ्या ओढीला दांडा हनुवटीवर बसला.

सहा मिनिटांत घाम डोळ्यांत. शेजारच्या मशीनवर साडू. त्याचा घाम गळक्या नळासारखा टपटपतो आणि हा गाढव हसतो. म्हणाला, साडूभाऊ, येऊ द्या घाम, छान वाटतं. मी ऐकून घेतलं. संयम. टॉवेल भिंतीवर आपटला, तेवढंच.

घाम: ८०० ग्रॅम (आधी आणि नंतर वजन करून). मोडतोड: शून्य. पाण्याची बाटली फुटली, ती मोडतोडीत धरत नाही.

९ मार्च, रविवार
उपाययोजना ठरली.
जायच्या आधी गार पाण्याने अंघोळ. टॉवेल ओला करून फ्रीजरमध्ये, मग मानेभोवती. जाळीचा बनियन. मनगटाला पट्टे, कपाळाला पट्टा. लिंबूपाण्यात मीठ. आणि मुख्य म्हणजे पंखा समोरून, छातीवर.

जिममध्ये स्टँडचा पंखा एकच आहे. ते बघून घेऊ.

१२ मार्च, बुधवार. सकाळी ८.३०
टॉवेल फ्रीजरमध्ये घडी घालून ठेवला होता. दगड झाला. उलगडेना. तसाच मानेवर घेतला, तर लाकडी फळी खांद्यावर घेतल्यासारखं वाटलं. पाच मिनिटांत वितळला आणि सगळं पाणी सीटवर. सीट बुळबुळीत. मी मागे घसरलो, पाय पट्ट्यातच. दोन्ही पाय वर, डोकं फरशीवर.

कोणीतरी हसलं. मी त्या टॉवेलने मशीनला झोडपलं. मशीनला लागत नाही, हे मला माहीत आहे. ट्रेनरबाई म्हणाली, पहिली ताकीद. मी म्हटलं, ताकीद मशीनला द्या.

साडूने मला उठवलं. बाहेर आल्यावर मी सहज विचारलं, ही कशी आहे? म्हणाला, बरी आहे, झोप लागायला लागली. म्हणजे इथे झोप लागत नव्हती. मी कितीदा सांगितलं होतं, खिडकीला जाड पडदे लावू.

१७ मार्च, सोमवार
पंख्यावरून प्रकरण.

पंखा मी माझ्याकडे वळवला. दोरीने बांधला, म्हणजे फिरू नये. शेजारी सायकल मारणारा एक धिप्पाड गृहस्थ आहे, सगळे त्याला पैलवान म्हणतात. त्याने उतरून दोरी सोडली. मी परत बांधली. त्याने परत सोडली. म्हणाला, काका, वारा सगळ्यांचा.

काका! त्याचे केस माझ्यापेक्षा पांढरे.

मी शांतपणे पंखा उचलला. उद्देश फक्त जागा बदलण्याचा होता. वजनाचा अंदाज चुकला आणि तो त्याच्या नडगीवर बसला. त्याने माझी मान धरली, मी त्याचा कान धरला, दोघे वजनांच्या रॅकवर गेलो. त्याने माझं तोंड दोनदा रबरी मॅटवर आपटलं. मी त्याच्या दंडाला चावलो. चावणं हा स्वसंरक्षणाचा सर्वात जुना प्रकार आहे. पंख्याची जाळी चेपली, दोन पाती तुटली. माझा ओठ फाटला. त्याच्या दंडावर माझ्या दातांची पूर्ण कमान उमटली. एकही दात कमी नाही, या वयात.

ट्रेनरबाईने आम्हाला झाडूच्या दांड्याने सोडवलं. मला कायमचं बाहेर काढलं. पैलवानाला नाही. जग असंच आहे.

घाम मोजायचा राहिला. बहुतेक खूप.

१९ मार्च, बुधवार
ओठ सुजलाय. आरशात बघून दाढी करत होतो, आरसा डाव्या बाजूने जुनाच होता, तडकला.

जिममध्ये जायची गरजच काय? मुळात तिथे हवा खेळत नाही. मशीन भाड्याने घरी आणणार. घरात खिडक्या चार, पंखे तीन, मालक एक.

२२ मार्च, शनिवार. सकाळी ७
मशीन बैठकीच्या खोलीत. तीनही पंखे तिकडे वळवले. एकाच्या पुढे बर्फाची परात. गार वाऱ्याचा झोत थेट पोटावर. वीस मिनिटं. घाम फक्त ३०० ग्रॅम! मन प्रसन्न. मोडतोड खरोखर शून्य.

हिला फोन केला. उचलला नाही. मेसेज केला: प्रश्न जवळजवळ सुटला, तयारीत राहा. उत्तर नाही. रेंज नसेल.

२८ मार्च, शुक्रवार. दुपारी २
लाइट गेली. मी मध्यावर होतो, हजार मीटर झालेले. तीनही पंखे थांबले, बर्फाचं पाणी झालेलं. एका मिनिटात घामाच्या धारा. हात घसरले, दांडा सुटला, साखळीने सण्णकन आत ओढला गेला आणि मशीनच्या तोंडावर आपटला. आवाज झाला. त्या आवाजाने माझं डोकं गेलं.

खालच्या मजल्यावरच्या आजीबाई वर आल्या तेव्हा मी परातीने मशीन ठोकत होतो. त्या म्हणाल्या, कोणाला मारतोयस रे? मी म्हटलं, कोणाला नाही, एकटाच आहे. त्या म्हणाल्या, मग बरं, आणि उतरून गेल्या. 'मग बरं' म्हणजे काय?

मशीनचा स्क्रीन तडकला, आकडे अजून दिसतात. परात अर्धवर्तुळाकार. उजव्या हाताच्या करंगळीचं नख उपटलं.

बाथरूमच्या दाराबद्दल इथे एकदाच नोंद करून ठेवतो, कारण लोक ऐकीव बोलतात. दार मी तोडलं हे खरं. लेक आत होती हेही खरं. पण तिने कडी लावली होती, आणि फेब्रुवारी असूनही त्या दिवशी उकाडा विलक्षण होता. हवामान खात्याकडे नोंद असेल.

२ एप्रिल, बुधवार
साडू आला. परात बघितली, मशीन बघितलं, माझा हात बघितला. चहा करून दिला. मी त्याला माझा सिद्धांत समजावून सांगितला. उष्णता, घाम, डोकं. आकडे दाखवले. तो बराच वेळ रोजनिशीतल्या आकड्यांकडे बघत होता. मग म्हणाला, साडूभाऊ, समजा घाम आलाच नाही, तर राग येणार नाही, असं तुमचं म्हणणं?
मी म्हटलं, म्हणणं काय, सायन्स आहे.
म्हणाला, मग आमच्या इथे या. माल उतरवायच्या पॅसेजमध्ये आठ डिग्री असतात. सकाळी सहा ते सात रिकामं असतं. मशीन टेम्पोत टाकू.

माणूस बावळट असला तरी उपयोगी.

६ एप्रिल, रविवार
स्वर्ग.

लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना सफरचंदांचे क्रेट छतापर्यंत. तोंडातून वाफ निघते. कानटोपी, हातमोजे घालून रोइंग. पाच हजार मीटर. वजन आधी आणि नंतर एकच. घाम शून्य. शून्य!

साडू बाजूला स्टुलावर बसून यादी तपासत असतो. आज चुकून त्याने माझ्या पायावर ट्रॉली घातली. मी म्हटलं, असू दे. स्वतःचा आवाज मलाच ओळखू आला नाही.

१० एप्रिल, गुरुवार
सलग पाच दिवस. घाम शून्य, मोडतोड शून्य, आवाज चढवणं शून्य. (सकाळी अकरानंतर मी घराबाहेर पडत नाही. पाय गार पाण्याच्या बादलीत.)

हिला सविस्तर पत्र लिहिलं. चार पानं. पहिल्या तीन पानांत शास्त्रीय भाग, चौथ्यावर निष्कर्ष: एसी बसवून घेतो, तुम्ही रविवारी परत या. माफीचा विषय काढला नाही. कारण सिद्ध झाल्यावर माफी कसली? साडूच्या हाती दिलं. लेकीला वेगळी चिठ्ठी: दार नवीन बसवलंय, कडी आधीपेक्षा मजबूत.

१२ एप्रिल, शनिवार. सकाळी ९.१५
जसं घडलं तसं लिहितो.

सहा वाजता पोचलो. तापमान आठ. तीन हजार मीटर झाले. श्वास संथ, अंग कोरडं. साडू स्टूल ओढून समोर बसला. आज हसत नव्हता. म्हणाला, पत्र तिने वाचलं. मी म्हटलं, मग उद्या किती वाजता?
म्हणाला, साडूभाऊ, ती येणार नाही. तिने आमच्या घराजवळ दोन खोल्या बघितल्यात. पोरीला जूनपासून इकडच्या शाळेत घालतेय. मला म्हणाली, तुम्हीच सांगा, माझी हिंमत होत नाही.
मी म्हटलं, तापमानाचं सांगितलंस का?
म्हणाला, सांगितलं. ती म्हणाली, मी पंधरा वर्षं हिवाळेही काढलेत त्यांच्याबरोबर.

मी दांडा जागेवर अडकवला. पायाचे पट्टे सोडले, एकेक. हातमोजे काढून सीटवर ठेवले. तो म्हणाला, हवं तर दोघांनी एकदा समोर बसून... तेवढ्यात मी मारलं. तोंडावर. तो स्टुलावरून पडला. उठायला लागला, तेव्हा परत मारलं. तिसऱ्यांदा क्रेटने मारलं. भरलेल्या. सफरचंदं पॅसेजभर झाली. तो हात वर करून म्हणत होता, बास, साडूभाऊ, बास. त्याने एकदाही उलट हात उचलला नाही. माझ्यापेक्षा दणकट आहे तो. रोज पन्नास किलो उचलतो.

आवाज ऐकून आलेल्या हमालांनी मला धरलं. मी धडपड केली नाही. नाडी मोजली, बहात्तर.

त्याचे दोन दात गेले. बरगडीला चीर. पोलीस आले. साडू म्हणाला, क्रेट पडला.

अंगावर घामाचा एक थेंब नव्हता.

१३ एप्रिल, रविवार. सकाळी ११
शक्यता:
बाहेरून थंड असलं तरी आत उष्णता साठत असावी. थर्मामीटर तोंडात धरला. सदतीस. काखेत धरला. साडेछत्तीस. मग फोडला.

किंवा अति थंडीचाही उलटा परिणाम होत असेल. वाचायला हवं.

किंवा सफरचंदांचा वास.

२० एप्रिल, रविवार. दुपारी १२.३०
लेक आली होती. शाळेची पुस्तकं न्यायला. मोठी झालीय दोन महिन्यांत, की मीच नीट बघितलं नव्हतं. दाराबाहेर, व्हरांड्यात थांबली. तिथे पत्रा आहे, या वेळी भाजून निघतं. खाली रिक्षा थांबवून ठेवली होती.

मी पुस्तकं काढून ठेवलीच होती. कव्हरं घातली होती नवीन. तिने ती पिशवीत भरली. मग म्हणाली, बाबा, काका म्हणाला तुला घाम आला नव्हता.
मी म्हटलं, नाही आला.
म्हणाली, मग?

मी तिला दमटपणाबद्दल सांगायला सुरुवात केली. ती ऐकत होती. कपाळावरून घाम ओघळत होता तिच्या, नाकाच्या शेंड्यावरून थेंब पडत होते, ड्रेस पाठीला चिकटला होता. पुसतही नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती. मी हात मागे घेतले.

मी म्हटलं, आत ये ना, तीन पंखे चालू आहेत, बर्फही आहे.

म्हणाली, नको. मी इथेच बरी आहे.