निकालाच्या आधी

बुऱ्हाणपूर, बुधवार

प्रिय चेतन,

पत्र बघून हसशील. हस. फोनवर तू नुसतं ‘बघू’ म्हणतोस आणि मीही बरं म्हणून ठेवून देते. कागदावर मला मध्येच कुणी तोडत नाही.

आधी घरचं सांगते. पप्पांचा खांदा अजून वर जात नाही, परातीला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. त्यामुळे मिठाईच्या दुकानाचा दराबा आता मीच करते. तू आजवर तो नुसता खाल्लास. रवा, साखर, तूप पांढरं आणि हलकं होईपर्यंत हाताने फेटत बसायचं म्हणजे काय, ते तुला काय ठाऊक! पहिल्या दिवशी मी रडकुंडीला आले. पप्पांनी चाखून परात बाजूला सरकवली. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. आता शनवारा भागातली गिऱ्हाइकं ताजा कधी मिळेल ते मलाच विचारतात.

शिक्षक भरतीचा निकाल कोर्टात अडकला तेव्हाचे माझे हाल तू पाहिलेस. तारखेच्या दिवशी सकाळपासून मोबाइल हातात, जेवण नाही, आईवर खेकसणं. तारीख पुढे गेली की तुला फोन करून रडायचे, आणि तू बिचारा तिकडे खंडव्याला बँकेत, समोर लोक उभे असताना माझी समजूत काढायचास. ते मी विसरले नाही. पण दसऱ्याच्या आधी एक तारीख पडली आणि मला पत्ताच नाही. माझ्याबरोबर परीक्षा दिलेली भूमिका दुसऱ्या दिवशी तोंड पाडून दुकानात आली, तेव्हा कळलं. मी तिला खायला दिलं आणि ऑर्डरचे डबे भरायला बसवलं. ती गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, अगं बाई, आज आपण रडलोच नाही. मला माझंच नवल वाटलं. हे तुलाच सांगावंसं वाटलं.

आपली सुपारी फुटली तेव्हा तुझ्या आई म्हणाल्या, निकाल लागू दे, मग तिथी काढू. मी मान डोलावली. नोकरीशिवाय माझ्यात आहे काय, असं मलाही वाटायचं. त्याला आता तिसरं वर्ष लागलं, आणि मला तसं वाटत नाही. तू आईंना एकदाही काही बोलला नाहीस, याचा मला राग आहे. चांगलाच राग आहे. आणि तू मला अजून तितकाच आवडतोस, तेही लिहून टाकते.

कोर्टाची स्थगिती उठलीय. सोमवारी निकाल लागतोय. पास झाले तर शाळेत शिकवीन, नाही तर दुकान आहे, माझं काही अडणार नाही. पण निकाल बघून तिथी काढलीत, तर तू हो मला म्हणालास की नोकरीला, हे मला जन्मभर कळणार नाही. म्हणून हे पत्र. आईंशी बोल आणि रविवारी दोघं या, तिथी काढायला. सोमवारी पेढे घेऊन आलात तर पाहुणे म्हणून चहा देईन, तेवढंच.

रविवारपर्यंत तुझीच,
प्राजक्ता